“कोर्टातही सिद्ध होईल”: पुनरुत्थानाच्या पुराव्यावर एका मंडळीत झालेला वाद

(गाव, माणसं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी मिशनच्या काळापासूनची मराठी प्रोटेस्टंट मंडळी आहे. सभासदांत शिक्षक, नर्सेस आणि एसटीतून निवृत्त झालेले लोक आहेत. तरुण मुलं नोकरीसाठी पुण्याला असतात आणि सणावाराला घरी येतात. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. त्या वर्षी शेवटचा उद्गार बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्या वक्त्याकडे होता. बोलता बोलता ते पुढच्या रविवारी, म्हणजे येशू मेलेल्यांतून पुन्हा उठला त्या ईस्टरला पोचले आणि म्हणाले, “ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाइतका भक्कम पुरावा इतिहासात दुसऱ्या कशालाच नाही. कोर्टात उभं करा, तिथेही सिद्ध होईल.”

मागच्या बाकावर मंडळीतल्या एका जुन्या घराचे जावई बसले होते. ते ख्रिस्ती नाहीत. महाविद्यालयात इतिहास शिकवून निवृत्त झालेले आहेत आणि मोडी कागद वाचण्यात त्यांची हयात गेली आहे. पत्नीबरोबर दरवर्षी येतात, शांतपणे ऐकतात आणि जातात. या वेळी उपासना संपल्यावर त्यांनी पाहुण्यांना गाठून विचारलं, “कोर्टात उभं करायचं तर साक्षीदार कोण आणि त्याची जबानी कधी लिहिली गेली, हे आधी सांगावं लागेल ना?” पाहुणे म्हणाले, विश्वासाने वाचा म्हणजे कळेल. जावई हसले आणि विषय तिथेच सोडला.

तरुण संघाच्या सचिवाने मात्र तो सोडला नाही. ही मुलगी नर्सिंग कॉलेजात शिकवते. ती सरळ त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, “सर, हाच प्रश्न आमच्या संघात येऊन विचाराल?”

अडचण

प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता, कारण तो टाळायला पहिल्या शतकातला प्रेषित पौल यानेच जागा ठेवलेली नाही. बायबलमधल्या, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तो स्वच्छ म्हणतो की ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. डोंगरावरचं प्रवचन इतिहासात नेमकं कुठे दिलं गेलं याने फारसं बिघडत नाही. इथे मात्र घडलं की नाही यावरच सगळं उभं आहे.

दुसरी अडचण नात्याची होती. जावयाला तोडून बोलायचं कोणी? ज्येष्ठ मंडळी त्यांना “जावईबापू” म्हणतात आणि ताटाला ताट लावून जेवतात. बाहेरच्या एखाद्या नास्तिकाने हेच विचारलं असतं तर चार शब्द सुनावून विषय मिटला असता.

तिसरी अडचण उघडपणे कोणी बोललं नाही, पण पाळकसाहेबांच्या मनात ती पहिली होती. ख्रिस्ती मंडळीने हिंदू प्राध्यापकाला बोलावून ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा पुरावा मांडला, ही बातमी गावात कशी पोचेल आणि कोण ती कशी फिरवेल, याची खात्री आजच्या दिवसांत कोणी देत नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे ईस्टरच्या प्रवचनात पाळकांनीच उत्तर द्यायचं. तो पाळकांनीच नाकारला. व्यासपीठावरून दिलेल्या उत्तराला उलट प्रश्न करता येत नाही आणि जावयांची तक्रार नेमकी तीच होती.

दुसरा पर्याय जाहीर वादविवादाचा. संघातल्या दोघातिघांना तो फार आवडला होता. मुंबईहून तयारीचा वक्ता आणायचा, प्रत्येकाला ठरावीक मिनिटं द्यायची आणि शेवटी श्रोत्यांनी कौल द्यायचा. अमेरिकेत ही पद्धत चांगली रुळलेली आहे. १९८५ साली लिंचबर्ग इथे तत्त्वज्ञ अँटनी फ्लू आणि गॅरी हॅबरमास यांचा याच विषयावर वाद झाला आणि परीक्षकांनी रीतसर निकाल दिला. मला ही पद्धत पटत नाही. परीक्षक मोजतात ते कोण चांगलं बोललं, आणि पहिल्या शतकात यरुशलेमात काय झालं याच्याशी त्याचा संबंध नसतो. आपल्याकडेही याचा अनुभव जुना आहे. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि पाद्री यांच्यात सभा झाल्या आणि त्यांना गर्दीही झाली. पण अशा सभांतून माणूस आपल्याच बाजूला जास्त घट्ट होऊन परततो.

तिसरा पर्याय बंद दाराआड वाचन करण्याचा होता. मोजकी माणसं, समोर मूळ वचनं, आणि कोणालाही जिंकायचं नाही. तो निवडला गेला. सूत्रं माझ्याकडे आली, कारण मी मंडळीचा सभासद असलो तरी जावयांच्या हाताखाली शिकलेला आहे.

पहिला निर्णय: काय बोलायचं नाही

सुरुवात सचिवाच्या सूचनेने झाली. आपण काय मांडणार याची यादी नंतर करू, आधी कोणते मुद्दे वापरणार नाही ते प्रत्येक बाजूने लिहून द्यावं, असं तिने सुचवलं. ऐकायला हे साधं वाटलं, पण सगळ्यात जास्त कस इथेच लागला.

संघाने पहिल्यांदा काढला तो तुरीनचा कफनपट, म्हणजे येशूचं प्रेत गुंडाळलं होतं असं काही जण मानतात ते कापड. १९८८ साली ऑक्सफर्ड, झुरिक आणि ॲरिझोना इथल्या प्रयोगशाळांनी केलेल्या कार्बन चाचणीत त्या कापडाचा काळ १२६० ते १३९० असा निघाला. त्यावर आक्षेप घेणारे आहेत, पण ज्याच्यावर आधी तासभर वाद घालावा लागतो तो पुरावा म्हणून मांडण्यात अर्थ नव्हता. मग योसेफस. या यहुदी इतिहासकाराच्या ग्रंथात येशू तिसऱ्या दिवशी पुन्हा जिवंत दिसला असं वाक्य आहे, आणि ते आपल्याकडे प्रवचनात हमखास येतं. पण तिसऱ्या शतकातला ओरिजेन हा ख्रिस्ती पंडितच सांगतो की योसेफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता. त्या परिच्छेदात ख्रिस्ती हातांनी भर घातली आहे, यावर आज बहुतेक अभ्यासकांचं एकमत आहे. संघातल्या एका मुलाला हे माहीतच नव्हतं आणि तो जरा रागावला, आपल्याला हे कधी कोणी सांगितलं का नाही म्हणून.

सगळ्यात जड गेलं ते “बाराही प्रेषित (येशूचे मुख्य शिष्य) हुतात्मे झाले” हे वाक्य सोडणं. जब्दीचा मुलगा याकोब हेरोद राजाच्या तलवारीने मारला गेला असं बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे. येशूचा भाऊ याकोब इ. स. ६२ च्या सुमारास दगडमार करून मारला गेल्याचं योसेफसने लिहिलं आहे, आणि त्या मजकुरावर फारशी शंका घेतली जात नाही. पेत्र आणि पौल यांच्याविषयी पहिल्या शतकाच्या अखेरीस रोममधून लिहिलेल्या क्लेमेंटच्या पत्रात उल्लेख आहे. बाकीच्यांच्या कथा उशिराच्या आहेत. शिवाय मरायला तयार असणं हा प्रामाणिकपणाचा पुरावा असतो. प्रामाणिक माणूस चुकू शकतो, हे संघानेच आपल्या हाताने लिहिलं.

जावयांची यादीही चांगलीच लांब होती. येशू नावाचा माणूस झालाच नाही, हा मुद्दा ते मांडणार नव्हते. रोमन सुभेदार पिलाताच्या कारकिर्दीत त्याला देहदंड झाला, असं टॅसिटस हा रोमन इतिहासकार इ. स. ११६ च्या सुमारास लिहितो, आणि टॅसिटसला ख्रिस्ती लोकांचं मुळीच प्रेम नव्हतं. ऑसिरिस आणि मिथ्र या जुन्या देवांच्या कथांवरून सगळं उचललं, हेही नाही. ३२५ साली ख्रिस्ती धर्मगुरूंच्या निकाया परिषदेत मतदान करून पुनरुत्थान ठरवलं, हे तर मुळीच नाही; तो वाद वेगळाच होता. आणि काश्मीर. हा विषय निघणार याची मला खात्री होती. येशू वधस्तंभावर मेला नाही, तो काश्मिरात येऊन वारला, ही मांडणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी केली. बाबाराव सावरकरांनी १९४६ साली मराठीत येशूला हिंदू ठरवताना तोच धागा आपल्या पद्धतीने विणला. जावई म्हणाले, “अठराशे वर्षांनी निघालेला कागद मी पेशव्यांच्या वादातही घेत नाही, इथे कसा घेऊ?”

पत्र आणि बखर

पुढच्या बैठकीत त्यांनी पौलाचं पत्र अगदी दफ्तरातल्या कागदासारखं हातात घेतलं. कोणी कोणाला लिहिलं, कुठून, कशासाठी. अध्याय पंधरा सोडून ते आधी सोळाव्याच्या शेवटाकडे गेले. तिथे पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत इफिस शहरात राहीन असं पौल लिहितो, म्हणजे ठिकाण मिळालं. मग एकविसावं वचन, “मी पौलाने स्वहस्ते लिहिलेला सलाम.” म्हणजे मजकूर लेखनिकाचा, शेवटचा सलाम स्वतःच्या अक्षरातला. यावर ते मनापासून खूष झाले. असं पत्र त्यांच्या ओळखीचं होतं.

पत्राचा काळ इ. स. ५४-५५ च्या सुमाराचा धरतात आणि येशूचा मृत्यू ३० किंवा ३३ चा. पण पंधराव्या अध्यायात पौल म्हणतो की मला जे मिळालं ते मी तुमच्या स्वाधीन केलं: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे पेत्राला) आणि मग बारा जणांना दिसला. नंतर पाचशेंहून अधिक बंधूंना, मग याकोबाला, मग सर्व प्रेषितांना आणि शेवटी मला. जावयांनी “केफाला आणि मग बारा जणांना” इथवरच्या ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि म्हणाले, “हे पौलाचं नाही. हे त्याच्या आधीचं, पाठ करून ठेवलेलं आहे.” ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती अभ्यासकांपैकी फार मोठ्या गटाचंही मत हेच आहे. पौल ते शिकला कुठे? गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की पालटानंतर, म्हणजे ख्रिस्ती झाल्यानंतर, तीन वर्षांनी तो यरुशलेमास गेला, पंधरा दिवस केफाकडे राहिला आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटला. म्हणजे ज्यांची नावं यादीत आहेत त्यांतल्या दोघांना त्याने स्वतः पाहिलं होतं.

संघातली मुलं सरसावून बसली. त्यांना वाटलं, आता झालं.

पण इतिहासाच्या माणसाने आपली नेहमीची कसोटी दुसऱ्या बाजूनेही लावली. इतिहासकार वि. का. राजवाडे यांच्यापासून मराठी इतिहासात एक शिस्त आहे, अस्सल पत्राला बखरीपेक्षा वजन जास्त. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवछत्रपतींची बखर महाराजांच्या निधनानंतर दीडएक दशकाने लिहिली, तरी तिचा शब्दन्‌शब्द कोणी पत्रासारखा घेत नाही. चिटणिसाची बखर तर शतकाहून जास्त उशिराची. शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूची चार चरित्रं, जावयांनी बखरीच्या बाजूला ठेवली. मार्क ७० च्या सुमाराचं, मत्तय आणि लूक त्यानंतरची, योहान शतकाच्या अखेरचं. म्हणून ती खोटी ठरत नाहीत, असंही ते म्हणाले. पण घोळ इथेच होतो. जो कागद घटनेच्या सर्वांत जवळचा आहे तो त्रोटक आहे. त्यात स्त्रिया नाहीत, दगड नाही, रिकामं थडगं असं स्पष्ट शब्दांत नाही. आणि ज्यांत हे सगळं तपशिलाने आहे ते कागद चाळीस ते साठ वर्षांनंतरचे आहेत.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा भाग हाच होता. पाहुण्या वक्त्याने कोर्टात जे उभं केलं होतं त्यात पत्राचा काळ आणि बखरीचा तपशील एकमेकांना बेमालूम जोडलेले होते. ते सुटे केल्याबरोबर दावा पुष्कळ लहान झाला, पण जो उरला तो पक्का होता.

थडगं

यानंतर सचिवाने चार शुभवर्तमानांचा तक्ता आणला. मोठ्या कागदावर चार रकाने, आणि त्यांत रंगीत पेनांनी खुणा. मार्कात तीन स्त्रिया आणि पांढरा झगा घातलेला एक तरुण. मत्तयात दोन स्त्रिया, भूमिकंप आणि एक देवदूत. लूकात बऱ्याच स्त्रिया आणि दोन पुरुष. योहानात आधी एकटी मग्दालीया मरिया. मत्तयात शिष्यांची भेट गालीलात, लूकात यरुशलेमात. मार्काच्या सर्वांत जुन्या पूर्ण हस्तलिखितांत, म्हणजे चौथ्या शतकातल्या सिनाईटिकस आणि व्हॅटिकनसमध्ये, शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशीच थांबतं: स्त्रिया घाबरून पळाल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत.

हा तक्ता तिने स्वतः मांडला हे महत्त्वाचं. मंडळीच्या मुलीने दाखवलेली विसंगती लोक ऐकून घेतात. तिचं पुढचं म्हणणं असं की चारही रकान्यांत एक गोष्ट जागची हलत नाही: पहिल्यांदा थडग्याशी पोचतात त्या स्त्रियाच. स्त्रियांची साक्ष धरू नये असं योसेफसच लिहून ठेवतो. गोष्ट रचणाऱ्याने पेत्राला किंवा योहानाला पुढे केलं असतं.

जावयांनी हे सहज मान्य केलं नाही. प्रेताला सुगंधी द्रव्यं लावायला स्त्रियाच जाणार, तेव्हा कथेत त्या येणं स्वाभाविकच आहे, असं ते म्हणाले. मूळ प्रश्न त्यांच्या मते आणखी मागचा होता: वधस्तंभावर मेलेल्याला थडगं मिळालं तरी का? रोमन लोक प्रेतं टांगलेलीच ठेवत. इथे संघाकडे उत्तर होतं. १९६८ साली यरुशलेमजवळ गिव्हात हामिव्तार इथल्या कबरीत येहोहानान नावाच्या माणसाच्या अस्थी मिळाल्या. त्याच्या टाचेच्या हाडात खिळा तसाच रुतलेला होता. म्हणजे खिळून मारलेल्यालाही घरच्या कबरीत जागा मिळू शकत होती. “शकत होती,” जावई म्हणाले, “मिळालीच असं नाही.” त्यावर कोणाजवळ काही नव्हतं.

दुसरा निर्णय: तुकोबांचं नाव

शेवटच्या टप्प्यावर प्रश्न असा राहिला. पेत्र, पौल, याकोब यांना काहीतरी दिसलं यावर दोन्ही बाजूंचं जुळलं. मग ते काय होतं? जावयांचं उत्तर, शोकातून आणि अपराधी भावनेतून आलेलं दर्शन. संघाने विचारलं, पेत्राचं समजलं, पण पौल तर छळ करणारा होता, त्याला शोक कसला? आणि यहुदी समजुतीत पुनरुत्थान युगाच्या शेवटी, सगळ्यांचं एकदम. मधेच एकट्याचं होईल ही अपेक्षा आली कुठून? जावयांनी मार्काच्या सहाव्या अध्यायावर बोट ठेवलं. बाप्तिस्मा करणारा योहान मेलेल्यांतून उठला आहे असं लोक म्हणत होते, आणि हेरोदालाही तेच वाटत होतं. तेव्हा ही कल्पना अगदीच अशक्य नव्हती.

मग ते म्हणाले, “माझा खरा प्रश्न आता विचारतो. तुकोबा सदेह वैकुंठाला गेले. देह सापडला नाही. समकालीन माणसं होती, घरचे होते. तुम्ही हे इतिहास म्हणून घेता का? मी घेत नाही. मग एकाला एक माप आणि दुसऱ्याला दुसरं कसं?”

मला इथे थांबवता आलं असतं. एक ज्येष्ठ सभासद थांबवाच म्हणत होते. दुसऱ्याच्या श्रद्धेचा विषय मंडळीच्या आवारात नको, उद्या कोणी वाकडा अर्थ लावेल, हे त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगणाऱ्या नारायण वामन टिळकांची गाणी आम्ही दर रविवारी गातो. त्या नावाला आमच्याकडे मज्जाव करणं मला पटेना. प्रश्न राहू दिला, अट एकच घातली: कोणी कोणाच्या श्रद्धेला खोटं म्हणायचं नाही, फक्त मापाबद्दल बोलायचं. ते ज्येष्ठ उठून गेले.

सचिवाचं उत्तर लांबलचक नव्हतं. “माप एकच हवं, सर. आमचं नाही म्हणून ते नाकारायचं, हे मला करता येणार नाही. पण तुम्ही कागद उघडायच्या आधीच असं घडत नाही असं धरलंत, तर मी कितीही कागद आणले तरी काय उपयोग?” जावई यावर बराच वेळ बोलले. डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये मांडलेला युक्तिवाद त्यांनी सोप्या भाषेत सांगितला: चमत्कार घडला यापेक्षा सांगणारा चुकला हे नेहमीच जास्त संभवनीय. आणि कबूल केलं की होय, हे मी आधीच धरतो. इतिहासकार म्हणून मला धरावंच लागतं. देव आहे असं आधीच मानणाऱ्याला ते धरावं लागत नाही, हेही त्यांनी मानलं. त्यांनी पिंचास लापिडे या यहुदी पंडिताचं उदाहरण दिलं. लापिडे यांनी पुनरुत्थान घडलं असं मानलं, तरी येशूला मसीहा, म्हणजे यहुद्यांना वचन दिलेला तारणारा, मानलं नाही आणि ते यहुदीच राहिले.

परिणाम

शेवटी एक पानी टिपण झालं. सहमती: येशूला पिलाताच्या काळात वधस्तंभावर मृत्यू आला, त्यानंतर थोड्याच वर्षांत पेत्र, याकोब आणि पौल यांची खात्री होती की तो त्यांना जिवंत दिसला. असहमती: थडगं रिकामं होतं का, आणि त्या दिसण्याचं कारण काय.

कोणाचाही पालट झाला नाही. जावई अजूनही मागच्या बाकावर असतात. पाळकसाहेबांनी पुढच्या ईस्टरला “सिद्ध” हा शब्द वापरला नाही, “साक्ष” म्हणाले. संघातल्या एका मुलाचा विश्वास मात्र डळमळला. योसेफसवरून रागावलेला तोच. घरी आईशी त्याची खडाजंगी झाली आणि काही काळ तो उपासनेला आला नाही. पाळक त्याच्या घरी जाऊन बसले, पण वाद घातला नाही. आता तो पुण्यात असतो आणि सचिवाशी त्याचं बोलणं चालू आहे. एवढंच नक्की सांगता येतं.

वेगळं काय करता आलं असतं

ह्यूमचा मुद्दा शेवटी आला. तो आधी घेतला असता तर भेद नेमका कुठे आहे हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं, असं जावयांना वाटतं. मला वाटतं मग पत्र कोणी उघडलंच नसतं. दोन्ही बाजू तत्त्वज्ञानावरच अडून बसल्या असत्या.

टाकलेल्या मुद्द्यांची यादी मुलांच्या हातात एकदम पडायला नको होती. ज्यांनी लहानपणापासून तेच मुद्दे ऐकले, त्यांच्याशी आधी पाळकांनी एकेकट्याने बोलायला हवं होतं. मंडळीतल्या वयस्क बायकांना बोलावलंच गेलं नाही, आणि थडग्याशी गेलेल्या बायकांवर एक अख्खी बैठक झाली. पुढच्या वेळी ही उणीव भरून काढायची असं सचिवाने ठरवलं आहे.

उठून गेलेल्या ज्येष्ठांनी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीकडे लेखी तक्रार दिली. टिपणाची प्रत त्यांना पाठवली गेली, तेव्हा ती त्यांनी समासात शेरे लिहून परत केली. त्यांचा मुख्य आक्षेप असा की रिकामं थडगं असहमतीच्या खाली का टाकलं. पौलाने “पुरला गेला आणि उठवला गेला” असं लिहिलं त्यात ते आपोआप येतं. जावयांनी तो शेरा वाचला आणि मुद्दा बिनतोड नसला तरी विचार करण्यासारखा आहे, असं कळवलं. आता ते दोघं या एका ओळीवर पत्रव्यवहार करतात, आणि प्रत्येक पत्राची नक्कल कमिटीच्या फायलीत लागते.